जोडपं, रस्ता आणि कॅमेरा



पत्रिकेत आजचा विषय छापलाय, 'शहरातलं रोजचं जगणं आणि छायाचित्रकला'. विषय अफाट आहे आणि माझ्याकडे तासभर आहे. तेव्हा मी तो माझ्या सोयीनं लहान करून घेतो. रस्त्यावर एकत्र दिसणारी दोन माणसं, एवढंच घेऊ. त्यांना आपण जोडपं म्हणतो. ही जोडपी फोटोत कशी आली, कोणी आणली, आणि आपल्या नगरच्या फोटोंत ती का दिसत नाहीत, याबद्दल मी बोलणार आहे. २०२४ पासून शहराचं नाव अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात साठ वर्षांचं 'नगर' बसलेलं आहे. बोलताना तेच येईल, तेवढं समजून घ्या.

पडद्यावर पहिलं छायाचित्र बघा. तुमच्यापैकी निम्म्यांनी ते कुठे ना कुठे पाहिलेलं असणार. कॉफीच्या दुकानात असतं, चहाच्या मगवर असतं, हॉस्टेलच्या भिंतीवर असतं. रॉबेर द्वानो या फ्रेंच छायाचित्रकारानं १९५० साली पॅरिसमध्ये काढलेलं. मागे धूसर दिसतेय ती तिथल्या नगरपालिकेची इमारत. भर रस्त्यात, गर्दीत, एक तरुण चालता चालता मुलीला जवळ घेऊन तिचं चुंबन घेतोय. फ्रेंच नावाचा अर्थ काय, तर 'नगरपालिकेसमोरचं चुंबन'. आता आपल्या महापालिकेसमोर असं काही… जाऊ द्या. (हशा)

माझं म्हणणं असं की नुसतं त्या दोघांकडे बघू नका. डोक्यावर गोल टोपी घातलेला तो चष्मेवाला गृहस्थ बघा. तो सरळ पुढे बघत चाललाय. बाजूची बाई बघा, तिलाही पडलेलं नाही. पुढे कोपऱ्यात कॅफेच्या टेबलाशी बसलेल्या माणसाचा खांदा दिसतोय, म्हणजे आपण त्या माणसाच्या मागे बसून हे बघतोय. या फोटोचं खरं यश मला त्या बाकीच्या लोकांत दिसतं. दोन माणसं एकमेकांत बुडालेली आहेत आणि शहर त्यांना तसं बुडू देतंय. कोणी थांबत नाही, कोणी बोट दाखवत नाही, 'कोणाचा रे तू?' असं कोणी विचारत नाही. चुंबन दोघांचं आहे, पण शांतता सगळ्या रस्त्याची आहे.

हा फोटो अमेरिकेतल्या 'लाइफ' मासिकासाठी काढलेला होता. पॅरिसच्या प्रेमिकांवर त्यांना एक मालिका हवी होती. मासिकानं ती सहज टिपलेली दृश्यं असल्यासारखी छापली. नंतर तीसेक वर्षं हा फोटो पडून होता. १९८६ मध्ये त्याचं पोस्टर निघालं आणि तो जगभर गेला. मग १९९२-९३ मध्ये भानगड उघडी पडली. एका जोडप्यानं 'ते आम्हीच' असं म्हणून दावा लावला, आणि द्वानोला कबूल करावं लागलं की फोटोतली दोघं ठरवून उभी केलेली होती. नाट्यशिक्षण घेणारी मुलं. त्यानं त्यांना आधी कुठेतरी चुंबन घेताना पाहिलं होतं, जाऊन विचारलं, आणि पुन्हा तसं करायला सांगितलं. मग त्या खऱ्या मुलीनंही कोर्टात जाऊन मोबदला मागितला. कोर्टानं दोन्ही दावे फेटाळले. पण द्वानोनं त्या वेळी तिला दिलेली मूळ प्रत तिच्याकडे होती. २००५ मध्ये ती लिलावात दीड लाख युरोंच्या वर गेली. त्या दोघांचं प्रेम मात्र वर्षभरही टिकलं नव्हतं.

तेव्हा पुष्कळ लोक नाराज झाले. फसवणूक झाली म्हणाले. मीही फोटो काढायला लागलो त्या वयात हे वाचून चिडलो होतो. रस्त्यावरच्या छायाचित्रकाराचं पहिलं पथ्य काय, तर मधे पडायचं नाही. जे समोर येईल ते टिपायचं. कार्तिए-ब्रेसाँनं १९५२ च्या आपल्या पुस्तकातून ही शिकवण सगळ्या जगाला दिली, आणि जिल्ह्याच्या गावातल्या कॅमेरा क्लबांपर्यंत ती मंत्रासारखी येऊन पोचली. आता वयाची साठी उलटल्यावर माझं मत बदललंय. ते का बदललं, ते सांगतो.

द्वानोनं नंतर आपली बाजू मांडताना एक गोष्ट सांगितली होती. त्याचा आशय असा, की रस्त्यात प्रेम करणाऱ्यांचा न विचारता फोटो काढायची मला हिंमत झाली नसती. अशी जोडपी बरेचदा घरच्यांना ठाऊक नसलेली असतात. बघा, पॅरिसमधला माणूस हे बोलतोय. त्याला त्या रस्त्याच्या शांततेचा भरवसा नव्हता. फोटो छापून आला की ती शांतता संपते, हे त्याला कळत होतं. म्हणून त्यानं विचारलं. त्यानं विचारलं यात मला आज चूक दिसत नाही. विचारल्याचं चाळीस वर्षं सांगितलं नाही, चूक तिथे आहे.

आता या सगळ्या पिढीबद्दल दोन शब्द. द्वानो, विली रोनी, ब्रेसाँ ही मंडळी महायुद्धातून आणि जर्मनांच्या ताब्यातून बाहेर पडलेल्या पॅरिसमध्ये काम करत होती. रेशन, पडकी घरं, हरवलेली माणसं. त्यांनी कॅमेरा वळवला तो खेळणाऱ्या पोरांकडे, दारूच्या गुत्त्यातल्या कामगारांकडे, पुलावरच्या प्रेमिकांकडे. माणूस अजून शिल्लक आहे हे त्यांना बघायचं होतं. त्यांना आज आपण मानवतावादी म्हणतो. शब्द जरा जड आहे, पण चालेल.

रोनीचा एक फोटो मला द्वानोपेक्षा जास्त आवडतो. १९५७ चा. बॅस्टिलच्या चौकातल्या उंच स्तंभावर, वरच्या कठड्याशी एक तरुण जोडपं उभं आहे. कॅमेरा त्यांच्या पाठीमागे. तो तिच्या कानाशी काहीतरी बोलतोय आणि त्यांच्यापुढे सगळं पॅरिस पसरलंय. या दोघांना कोणी उभं केलेलं नव्हतं आणि त्यांना माहीतही नव्हतं. तीस वर्षांनी रोनीला कळलं की त्या दोघांनी लग्न केलं आणि त्याच चौकाजवळ ते कॅफे चालवतात. इतका गोड शेवट एखाद्या मराठी सिनेमात दाखवला तर आपण हसू. हा फोटो लक्षात ठेवा, कारण मी तुम्हाला थोड्या वेळानं आपल्या डोंगरावर नेणार आहे.

त्याआधी न्यूयॉर्क. १९५५ साली तिथल्या आधुनिक कला संग्रहालयात एडवर्ड स्टायकेननं 'द फॅमिली ऑफ मॅन' नावाचं प्रचंड प्रदर्शन भरवलं. ६८ देशांतली ५०३ छायाचित्रं, २७३ छायाचित्रकार. प्रेमिक, लग्न, बाळंतपण, काम, मरण. सगळीकडचा माणूस एकच आहे, असा त्याचा सांगावा. ते प्रदर्शन जगभर फिरलं आणि लोक रडले. पॅरिसला आलं तेव्हा रोलां बार्थ नावाचा एक समीक्षक ते बघून आला आणि वैतागला. त्यानं लिहिलं ते १९५७ च्या त्याच्या पुस्तकात आहे. त्याचा मुद्दा मी माझ्या शब्दांत सांगतो. जन्म सगळ्यांना आहे, मरण सगळ्यांना आहे, हे खरं. पण कोण कसं जन्मतं आणि कोणाला कशासाठी मरावं लागतं हे सारखं नाही, आणि फोटो नेमकं तेच गाळतात. आणि तो तिथे एक नाव घेतो. एमेट टिल. १४ वर्षांचा काळा मुलगा. एका गोऱ्या बाईशी आगाऊपणे बोलला या आरोपावरून १९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीत त्याला ठार मारलं. बार्थ म्हणतो, या मुलाच्या आईबापांना विचारा ना, मानवजातीच्या या एका कुटुंबाबद्दल त्यांना काय वाटतं.

हे वाचताना मला पॅरिस आठवलं नाही, मिसिसिपी तर मी पाहिलेलंच नाही. मला खर्डा आठवलं. आपला जामखेड तालुका. २८ एप्रिल २०१४. सतरा वर्षांचा दलित मुलगा. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला मारल्याचा आरोप होता. भर दिवसा, शाळेच्या आवारातून ते सुरू झालं. खटल्यात साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये इथल्याच न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. त्याच्या आदल्या वर्षी, १ जानेवारी २०१३ ला, नेवासे तालुक्यात सोनईला प्रेमप्रकरणावरून तीन तरुणांचे खून झालेले. हे मी इथे का काढतोय? छायाचित्रांच्या गप्पा मारायला आलेला माणूस वर्तमानपत्र का वाचायला लागला? तर ज्या जिल्ह्यात दोन पोरं बोलताना दिसणं एवढंच कारण पुरतं, तिथे 'दिसणं' हा कलेचा साधा प्रश्न राहत नाही. आणि छायाचित्रकाराचा धंदाच दिसण्याचा आहे.

महाराष्ट्रात या दुसऱ्या बाजूचे फोटो काढणारी माणसं आहेत. सुधारक ओलवे यांचं नाव तुम्हाला ठाऊक असेल. मुंबईतल्या सफाई कामगारांवरचं त्यांचं काम मोठं आहे, आणि जातीय अत्याचारांत ज्यांची माणसं गेली अशा महाराष्ट्रातल्या कुटुंबांचीही छायाचित्रं त्यांनी काढली आहेत. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांनी सन्मानाची बातमी छापली, फोटो फार कमी जणांनी छापले. असो.

मुंबईला तसं पॅरिसच्या जवळचं काहीतरी मिळालं. तिथे समुद्र आहे आणि समुद्राकडे तोंड करून बसलं की सगळं शहर तुमच्या पाठीमागे जातं. केतकी शेठ यांचं 'बॉम्बे मिक्स' हे २००७ चं कृष्णधवल पुस्तक किंवा रघुबीर सिंग यांचं १९९४ चं मुंबईवरचं रंगीत पुस्तक चाळा. गर्दी एकमेकांच्या इतकी अंगावर आहे की खाजगीपणा उरतो तो गर्दीमुळेच. पण मला त्याहून जुनी एक गोष्ट सांगायचीय. होमाई व्यारावाला. त्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होत्या. १९३० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी आपल्या वर्गमैत्रिणींचे, सहलींचे, मुंबईच्या रोजच्या जगण्याचे फोटो काढले. मोकळ्या, हसऱ्या, स्वतःत रमलेल्या मुली. कोणाच्या नजरेला घाबरत नाहीत, कारण नजर मैत्रिणीची आहे. आणि हे फोटो सुरुवातीला छापून आले ते नवऱ्याच्या, माणेकशा व्यारावाला यांच्या नावावर. दोघं मिळून काम करत, एकमेकांकडून शिकत. म्हणजे या फोटोंमधलं जोडपं फोटोत नाहीच, ते फोटोखालच्या नावात आहे, आणि तिथेही एकटाच दिसतो. बाईंचं नाव नीट लोकांपर्यंत पोचायला जवळपास सत्तर वर्षं गेली. २००६ मध्ये सबीना गडिहोक यांचं पुस्तक आलं, २०११ मध्ये पद्मविभूषण, आणि २०१२ च्या जानेवारीत बाई गेल्या.

आता नगरला येऊ या.

आपल्याकडे जोडप्याचा फोटो म्हणजे काय होतं? लग्नानंतर आठवडाभरात स्टुडिओत जायचं. ती खुर्चीवर, तो शेजारी उभा, एक हात खुर्चीच्या पाठीवर. तिच्या खांद्यावर नाही, खुर्चीवर! मागे रंगवलेला पडदा, त्यावर जिना आणि कारंजं. ज्या घरात कारंजं सोडा, नळही नव्हता त्या घरात तो फोटो लागायचा. आम्ही पोरं त्या फोटोंना हसायचो. ताठ बसलेत, बघा कसे घाबरलेत. आज वाटतं की आम्ही चुकत होतो. ती दोघं आयुष्यात बहुधा त्या एकदाच, लोकांसमोर, कोणाला न विचारता शेजारीशेजारी बसली होती. घरी सासूसासऱ्यांपुढे शेजारी बसायची सोय नव्हती. स्टुडिओ हा त्यांच्यासाठी नगरातला एकमेव रस्ता होता जिथे एकत्र दिसणं मान्य होतं, आणि त्यासाठी पैसे मोजले होते.

आणि आजचं जोडपं? चितळे रोडला उभे राहा, दिल्लीगेटला उभे राहा, सावेडीच्या कुठल्याही चौकात उभे राहा. मोटरसायकल येते. पुढे तो, मागे ती, डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये. ऊन आहे, धूळ आहे, हे खरंच आहे. पण एवढंच नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. हसताय म्हणजे माहीत आहे. पॅरिसमध्ये अनोळखीपणा शहर देतं. आपल्याकडे तो पोरीला स्वतःच्या खर्चानं, दीडशे रुपयांच्या स्कार्फमध्ये विकत घ्यावा लागतो. तो पोरगा तरी ओळखू येतोच, कारण गाडीचा नंबर कोणाच्या ना कोणाच्या काकाला पाठ असतो.

मग ही मंडळी जातात कुठे, तर डोंगरगणला, गोरक्षनाथ गडाकडे, आणि पाथर्डी रस्त्यानं शहा डोंगरावर, चांदबीबी महालाला. आता बघा गंमत. तो महाल नाही आणि चांदबीबीचा नाही. निजामशाहीतल्या सलाबतखानाची ती कबर आहे. अष्टकोनी, तीन मजली. खालच्या कमानींत गारवा असतो आणि वरून सगळं नगर दिसतं. रोनीचं जोडपं ज्या उंचीवरून पॅरिस बघत होतं, तशाच उंचीवरून आपली पोरं नगर बघतात. ज्या शहरात हात धरता येत नाही ते शहर लांबून, हात धरून बघतात.

आपल्याकडच्या तरुण छायाचित्रकारांनी हे दृश्य हेरलेलं आहे. गेल्या दहा वर्षांत स्पर्धांमध्ये, कॉलेजांच्या प्रदर्शनांत, मोबाईलवर मी असे फोटो किती पाहिले असतील! कमान, कमानीत मावळता सूर्य, आणि सूर्यासमोर दोन काळ्या आकृत्या. चेहरे नाहीत. तांत्रिकदृष्ट्या उत्तम, आणि मला ते बहुतेक वेळा आवडत नाहीत. कारण त्या आकृत्या कोणाच्याही असू शकतात. त्यात सावेडीची मुलगी नाही, भिंगारचा मुलगा नाही, घरी परत जायची घाई नाही, फोनवर आलेले सात मिसकॉल नाहीत. प्रेम हे सूर्यास्ताचं एक सामान होऊन बसतं. बार्थ ज्यावर चिडला होता तेच हे. पण लगेच दुसरी बाजूही बोलायला हवी. चेहरा काळा केला म्हणूनच ती दोघं सुरक्षित आहेत. म्हणजे जे कलेत उणं आहे ते माणुसकीत योग्य आहे. हा गुंता मला सुटलेला नाही.

एक प्रसंग सांगतो, नावं न घेता. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेला मी परीक्षक होतो. एका मुलानं पाठवलेला फोटो फार सुंदर होता. एसटी स्टँडच्या बाकावर कॉलेजातली दोघं. मधे दप्तर, दप्तरावर डबा, आणि दोघं एकाच डब्यातलं खाताहेत. तिनं स्कार्फ गळ्यात ओढून घेतलेला, कारण जेवायला तोंड उघडं करावं लागतं. बस्स, एवढंच. ऊन, मागे फलाटाचे आकडे, बाजूला झोपलेले एक आजोबा. मला द्वानोच्या रस्त्यातली ती शांतता तिथे दिसली. मी मुलाला विचारलं, यांना विचारलं होतंस का? म्हणाला, "सर, विचारलं असतं तर मोमेंट गेली असती." आमच्यातल्या दोघांचं म्हणणं पहिला नंबर द्यावा. मी म्हणालो, नंबर द्या, पण फोटो लावू नका. मग तर सगळेच माझ्यावर चिडले. लावायचा नाही तर नंबर कशाला? शेवटी फोटो लागला नाही आणि नंबरही मिळाला नाही. तो मुलगा माझ्याशी आजही नीट बोलत नाही. तो फोटो मी आज आणलेला नाही. मी वर्णन केलं तेवढंच तुमच्यापाशी राहील. मी बरोबर वागलो की त्या पोराचा एक चांगला फोटो मारला, हे मला नक्की सांगता येत नाही. डब्यात काय होतं तेही आठवतंय मला, शेंगदाण्याची चटणी होती. इतका तो फोटो चांगला होता.

आणि याच्या अगदी उलट काय चाललंय ते बघा. साखरपुडा झाला की तेच शहा डोंगर, तेच डोंगरगण, तीच कमान. प्री-वेडिंग शूट. ड्रोन, धुराच्या रंगीत नळकांड्या, भाड्याचा लांबलचक गाऊन. फोटोग्राफर ओरडतो, "दादा, कपाळाला कपाळ लावा. वहिनी, डोळे मिटा." लांब उभी मुलीची आत्या पाण्याची बाटली घेऊन थांबलेली. आणि मग मंगल कार्यालयात, अक्षता पडायच्या आधी, मोठ्या पडद्यावर हे सगळं सातशे लोकांना दाखवलं जातं. कोणालाही त्यात वावगं वाटत नाही! दोन वर्षांपूर्वी त्याच कमानीत तीच मुलगी त्याच मुलाबरोबर दिसली असती तर? म्हणजे आपला आक्षेप जवळिकीला नाहीच. तिला कोणाची संमती होती याला आहे. द्वानोनं त्या दोघांना विचारलं होतं. आपल्याकडे दोघं सोडून बाकी सगळ्यांना विचारलेलं असतं.

पण जोडपं म्हणजे काय प्रेमिकच? आपल्या जिल्ह्यात जोडप्याला आणखी एक नाव आहे. कोयता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना आपल्या प्रवरानगरला, १९५० साली. त्यानंतर जिल्हाभर कारखाने झाले. ऊस तोडायला माणसं येतात बीडकडून, आपल्याच पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. भाषा बघा, लग्न झालं की माणूस पुरा होतो तो हत्यार म्हणून. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. खाडा झाला तर दोघांच्या हिशेबातून कापला जातो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याच्या बातम्या आल्या. पाळीत खाडा परवडत नाही, हेही कारण त्यात सांगितलं गेलं. तेव्हा चौकशी समिती नेमावी लागली. हे जोडपं दरवर्षी आपल्या डोळ्यांसमोरून, नगरमधून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातं. भांडी, कोंबडी, पोर, शेळी, सगळा संसार उघडा. त्यांच्याजवळ स्कार्फची सोय नाही आणि त्यांच्याकडे कोणी बघतही नाही. पॅरिससारखी शांतता आपल्याकडे आहे म्हणायची तर ती इथे आहे, पण या शांततेचं कारण वेगळं आहे.

त्यांचे फोटो निघतात. बहुतेक वेळा बाईच्या डोक्यावर मोळी, पाठीला पोर, आणि खाली 'कष्ट' असं शीर्षक. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या पारीच्या संकेतस्थळावर जरा वेगळं दिसतं, फोटोखाली माणसाचं नाव असतं, गाव असतं, आणि मजकूर मराठीतही वाचायला मिळतो. नाव लिहिणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. संदेश भंडारे यांचं तमाशावरचं पुस्तक बघा. तमाशाचे फोटो म्हणजे घुंगरू आणि ढोलकी, पण ते कनातीच्या मागे गेले. फडातली माणसं तिथे जगताना दिसतात. कलावंत कामगारही आहे आणि संसारी माणूसही आहे, हे एकाच फोटोत येऊ शकतं.

आता माझे दोन फोटो. शेवटचेच आहेत. पाथर्डी रस्त्याच्या कडेला, कोप्यांच्या अड्ड्यावरचे. पहाटे चारला गेलेली माणसं दुपारी परत आली होती. एक नवरा-बायको टायरगाडीच्या सावलीत बसले होते. तिनं त्याचा हात मांडीवर घेतला होता आणि पाचटाची कुसळं साडीच्या पिनेनं काढत होती. तो दुसरीकडे बघत होता, बैलाकडे. मी लांबून एक फोटो काढला. मग जवळ गेलो आणि विचारलं, ताई, एक फोटो काढू का? ती म्हणाली, "दादा, अस्सा नका काढू. तोंड धुऊ द्या." उठली, घागरीतलं पाणी तोंडावर मारलं, कोपीत गेली, कुंकू लावून आली. त्यानं टोपी शोधली. नवी नव्हती, पण शोधली. मग दोघं गाडीला पाठ लावून उभी राहिली. ताठ. हात सरळ खाली. अगदी स्टुडिओतल्यासारखी. तिनं मला सांगितलं, "कोयता नको यायला त्यात." गाडीला टेकवलेला कोयता मीच उचलून बाजूला ठेवला.

तर हे दोन फोटो. पडद्यावर आहे तो दुसरा. पहिला मी दाखवणार नाही. खरं सांगायचं तर पहिला जास्त चांगला आहे. समीक्षक म्हणून मला कोणी विचारलं तर मी डोळे झाकून पहिल्याला गुण देईन. त्यात तो हात आहे, ती पिन आहे, बैलाकडे बघणारा नवरा आहे. तो द्वानोच्या शेजारी लावला तरी कमी पडणार नाही, असं मला गर्वानं वाटतं. पण दुसऱ्यात तिनं काय काढायला लावलं ते बघा. हत्यार काढायला लावलं. मुकादमाच्या वहीत ती दोघं एक कोयता आहेत. या फोटोत नवरा-बायको आहेत.

प्रश्नोत्तरांची चिठ्ठी आलीय. कॉलेजातल्या एका मुलीनं लिहिलंय, 'मग सर, आम्ही रस्त्यावर फोटो काढायचेच नाहीत का?' काढा की. रोज काढा. मी रोज काढतो. कापडबाजारात जा, माळीवाड्याला जा, भाजी बाजारात भावासाठी भांडणारे म्हातारा-म्हातारी बघा. विचारून काढलेला फोटो नेहमी ताठच येतो असं नाही. थोडं थांबावं लागतं, चहा प्यावा लागतो, दुसऱ्या दिवशी परत जावं लागतं. आणि काढलात तर एक प्रत त्या माणसाला नेऊन द्या. द्वानोनं दिली होती.

मी पण गेलो होतो. त्या दुसऱ्या फोटोची आठ बाय दहाची प्रत करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पुढच्या हंगामात त्याच जागी. कोप्या होत्या, माणसं वेगळी होती. एकानं नाव ओळखलं. म्हणाला, त्यांनी यंदा दुसऱ्या मुकादमाची उचल घेतलीय, टोळी कर्नाटकात गेलीय. प्रत माझ्याकडेच आहे. गावाचं नाव तेवढं लिहून आणलंय.